नाइटला आधी पाठीमागून बघा

काळं चिलखत, काळी केप, काळं शिरस्त्राण आणि छातीवर गडद लाल रंगाचा कावळा. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधला माझा पहिला नाइट असा होता. त्याला घडवण्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली, आणि त्यातला निम्मा वेळ एकट्या नाकावर गेला. दोन दिवसांनी आम्ही पाच जण एका अंधाऱ्या डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, शिरलो. झुंबड उडाली आणि आमचा हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरून काढणारा खेळाडू, कानात ओरडायला लागला, "अरे, तू आहेस कुठे? दिसतच नाहीयेस!" मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. त्याला सापडलो तोवर माझा खेळ आटोपला होता.

हीलरची काही चूक नव्हती. मी नाइट सजवला होता तो कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनसाठी. तिथे तो शांत उभा असतो, तोंड आपल्याकडे, चहूबाजूंनी छान उजेड. प्रत्यक्ष खेळताना यातलं काहीच नसतं. रूप ठरवतानाचे बहुतेक घोळ या एका फरकातून होतात.

नाक किती पिक्सेलचं?

थोडी आकडेमोड करू. स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल धरा. कॅमेरा मागे ओढून खेळताना आपलं कॅरेक्टर स्क्रीनच्या उंचीचा पाचवा हिस्सा व्यापतं असं समजा, म्हणजे २१६ पिक्सेल. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसातपट असते, असा चित्रकारांचा हिशेब आहे. त्याप्रमाणे डोकं आलं जेमतेम २९ पिक्सेलचं. नाकाच्या वाट्याला सहा-सात पिक्सेल, तेही नाइट आपल्याकडे वळून उभा राहिला तर. आणि तो वळत नाही. कॅमेरा त्याच्या पाठीमागे, जरा वरच्या अंगाला असतो. शेकडो तास आपल्याला दिसतात ते त्याचे खांदे, डोक्याचा माथा, पाठ आणि केप.

साथीदारांना तर तो याहूनही लहान दिसतो. त्यात भर म्हणजे कॅरेक्टर लांब गेलं की बहुतेक गेम त्याचं कमी बारकाव्यांचं मॉडेल पुढे करतात. सगळ्यांची प्रत्येक कडी न् कडी काढत बसायची तर कॉम्प्युटरची दमछाक होईल. त्यामुळे मनगटावरची नाजूक वेलबुट्टी पन्नास पावलांवरून दिसतच नाही. तिथे उरतो एक राखाडी पट्टा.

गेममधल्या नाइटांचे खांदे एवढे अवाढव्य का, याचं उत्तरही इथेच आहे. वरून-मागून बघणाऱ्या कॅमेऱ्याला खांदे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठे दिसतात. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधले खांदे तर थट्टेचा विषय झाले, पण त्यामागे हिशेब आहे: खांदा म्हणजे पाटी लावायची जागा. पुस्तकाच्या कण्यावर जसं नाव छापतात, कारण कपाटात तेवढंच दिसतं, तसंच.

म्हणून नाइट बनवताना पहिलं काम चेहऱ्याचं नाहीच. आधी त्याला फिरवा, पाठमोरा करा आणि कॅमेरा शक्य तेवढा मागे न्या. आता जे दिसतंय ते तुमचं कॅरेक्टर.

सावलीवरून ओळख

पाठमोऱ्या, लांबच्या आकृतीतलं काय लक्षात राहतं? रंगाच्याही आधी बाह्यरेषा. संपूर्ण आकृती काळ्या शाईने भरली तर जी उरते ती. टीम फोर्ट्रेस २ च्या कर्त्यांनी २००७ मध्ये आपल्या चित्रशैलीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आपल्या नऊ प्रकारच्या पात्रांपैकी कोणतं समोर आलंय हे नुसत्या बाह्यरेषेवरून कळावं, अशी त्यांची मांडणी होती. तो गोळीबाराचा गेम, नाइटांचा नव्हे. पण नियम तोच.

बाह्यरेषेत एक ठळक वैशिष्ट्य पुरे असतं, दोन झाली तर डोक्यावरून पाणी. पण नवखा माणूस काय करतो? शिरस्त्राणाला शिंगं, खांद्यांवर काटे, कोपरांवर काटे, गुडघ्यांवर काटे, केपच्या कडेला चिंध्या. हा सगळा ऐवज लांबून बघितला की साळिंदर दिसतं. सगळ्याच रेषा ओरडायला लागल्या की एकही ऐकू येत नाही. शिंगं हवीत ना, मग खांदे गुळगुळीत ठेवा. लांब केप हवी असेल तर डोकं साधं ठेवा.

मला स्वतःला असमतोल आवडतो, म्हणजे एक खांदा मोठा आणि दुसरा लहान. हे मनचं नाही. १५ व्या शतकात मिलानच्या कारागिरांनी घडवलेल्या चिलखतांत डाव्या खांद्याचा पत्रा उजव्यापेक्षा मोठा आणि जाड असे. उजव्या काखेत भाला धरायचा, तेव्हा तिथे मोकळीक हवी; समोरच्याचा भाला येणार तो बहुधा डाव्या अंगावर. कारण प्रामाणिक असलं की रचना आपोआप डोळ्यांना पटते. गेममध्ये दोन्ही खांदे वेगळे निवडता येत नसतील तर पाठीवर अडकवलेली ढाल हेच काम करते. लढाई नसताना कित्येक गेम ढाल पाठीवर टाकतात, आणि सगळ्यांत जास्त दिसणारा भाग पाठ हे तर आपण आताच बघितलं. तरीही लोक ढाल निवडतात ती फक्त तिच्या ताकदीचे आकडे बघून.

रंग: नऊशे वर्षांपूर्वीचा धडा

माझ्या नाइटचा खरा गुन्हा रंगाचा होता. काळ्यावर गडद लाल. गंमत म्हणजे हीच अडचण खऱ्या नाइटांनाही आली होती, आणि त्यांनी ती आपल्यापेक्षा फार आधी सोडवली.

शिरस्त्राणाने तोंड झाकलं की कोण कुठला काही कळत नाही. १२ व्या शतकाच्या मध्यापासून युरोपात ढालीवर कायमची कुळचिन्हं दिसू लागली आणि त्यांच्यासोबत रंगांचा एक नियम रूढ झाला. रंगांचे दोन गट करायचे. एका गटात 'धातू', म्हणजे सोनेरी आणि रुपेरी. रंगवताना पिवळा आणि पांढरा. दुसऱ्यात 'रंग', म्हणजे लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर सोनेरी सिंह चालेल, पांढऱ्यावर लाल क्रूस चालेल. काळ्यावर लाल कावळा चालणार नाही. (जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याच्या चिन्हात रुपेरी जागेवर सोनेरी क्रूस होते, आणि नियमभंगाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणून ते आजही सांगितलं जातं.)

नीट बघितलं तर हे दोन गट म्हणजे उजळ आणि गडद. नियम रंगछटेचा नाहीच, तो उजेड-अंधाराचा आहे. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे वाटले तरी दोघांचा गडदपणा सारखा असेल तर लांबून किंवा अंधारात ते एकजीव होतात. लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही अशा खेळाडूंना तर जवळूनही. तपासायची युक्ती सोपी आहे: नाइटचा स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर तो कृष्णधवल करा. चिन्ह गायब झालं तर रंग चुकला.

किती रंग घ्यायचे? एक मुख्य, एक जोडीचा आणि चिमूटभर तिसरा. सजावटकार ६०-३०-१० असं प्रमाण सांगतात, ते इथेही चालतं. तो दहा टक्क्यांचा झणझणीत रंग जिथे नजर जावी असं वाटतं तिथे लावा: कलगी, केपचं अस्तर, ढालीवरचं चिन्ह. बुटांच्या टाचेवर लावलात तर नजर टाचेवर जाईल.

पांढरा डाय मळकट का दिसतो

इथे जरा गेमच्या पोटात शिरावं लागेल, कारण याच जागी बहुतेकांचं डोकं फिरतं. महागडा शुभ्र डाय, म्हणजे चिलखताला लावायचा गेममधला रंग, मिळवला, चिलखताला लावला आणि ते धुरकट राखाडीच राहिलं. गेम बिघडलेला नाही. चिलखताच्या प्रत्येक भागावर आधीच एक चित्र चढवलेलं असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. डाय ते पुसून नवं रंगवत नाही. बऱ्याच गेममध्ये तो त्या चित्राच्या उजळपणाशी गुणला जातो. मूळ चित्राचा उजळपणा ०.४ असेल आणि शुभ्र डाय म्हणजे १, तर गुणाकार ०.४ च येणार. कोळशाला चुना फासल्यासारखं नाही, काळ्या चष्म्यातून चुना बघितल्यासारखं. तेव्हा पांढरा नाइट हवा असेल तर आधी मुळात उजळ असलेलं चिलखत शोधा, डाय नंतर. उलट दिशेने अडचण नाही, कारण उजळ चिलखत हवं तेवढं गडद करता येतं.

दुसरी भानगड धातूची. एकच निळा डाय केपला आणि छातीच्या पत्र्याला लावला तर दोन वेगळे निळे दिसतात. आजचे बहुतेक गेम प्रकाशाचं खरं वागणं जमेल तेवढं नक्कल करतात. कापडावर सरळ समोरून पडलेल्या उजेडापैकी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास आरशासारखा परावर्तित होतो. उरलेला आत शिरतो आणि त्यातला काही भाग रंग घेऊन सगळीकडे विखुरतो. म्हणून कापडाचा रंग कुठूनही जवळपास तोच दिसतो. लोखंड मात्र ५५ टक्क्यांहून जास्त प्रकाश थेट परत फेकतं आणि आत शिरलेला गिळून टाकतं. विखुरणारा रंग त्याच्याजवळ नसतोच. धातू जे दाखवतो ते आजूबाजूचं प्रतिबिंब, आपल्या छटेत बुडवून. बर्फात तो निळसर दिसेल, शेकोटीजवळ तांबूस, आणि अंधाऱ्या गुहेत काळाच, कारण प्रतिबिंब पडायला तिथे काही नसतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: ओळखीचा रंग कापडावर सोपवा, धातूवर नाही. केप, कमरेचं वस्त्र, चिलखतावरून घालायचा बिनबाह्यांचा अंगरखा. हा अंगरखा खऱ्या नाइटांनीही १२ व्या ते १४ व्या शतकांत वापरला, आणि त्यावर कुळचिन्ह मिरवलं. एवढा उपयोगी कपडा गेममध्ये लोक छातीचा चकचकीत पत्रा दिसावा म्हणून काढून टाकतात!

कुठल्या काळाचा नाइट?

'नाइट' म्हटलं की डोळ्यांसमोर नखशिखांत पोलाद येतं, पण ते पुष्कळ उशिराचं. ११ व्या आणि १२ व्या शतकातला नाइट लोखंडी कड्या गुंफलेलं चिलखत घालायचा. मग हळूहळू गुडघा, नडगी, कोपर असे एकेक अवयव पत्र्याने झाकले गेले, आणि १५ व्या शतकाच्या सुरुवातीला संपूर्ण पत्र्याचं चिलखत तयार झालं. त्यातही घराणी होती. मिलानचं काम गोलसर, गुळगुळीत. जर्मन कारागिरांचं, ज्याला पुढे 'गॉथिक' नाव पडलं, ते सडपातळ, टोकदार, उभ्या पन्हळींचं. १६ व्या शतकाच्या सुरुवातीला पन्हळी इतक्या दाट झाल्या की पत्रा प्लीट घातलेल्या कापडासारखा दिसे. पन्हळ नुसती शोभेची नव्हती, पातळ पत्र्याला तिने ताठपणा येतो.

फँटसी गेमला इतिहासाचं बंधन नाही, हे कबूल. ड्रॅगन चालतो तर मिलानचा खांदा जर्मन छातीला का चालू नये? चालेल की. पण एका घराण्याचे तुकडे एकत्र घातले की रूप एकसंध का वाटतं हे कळलेलं बरं: रेषांचा स्वभाव जुळतो. गोल खांद्याखाली टोकदार हातमोजे आले की दोन वेगळ्या माणसांचे कपडे घातल्यासारखं दिसतं. ठरवून केलेली भेसळ वेगळी. मग तिला कारण द्या. हरलेल्या शत्रूचा हातमोजा घातलेला नाइट ही चांगली कल्पना आहे, पण तो हातमोजा एकच हवा.

वजनाचा एक गैरसमज इथेच काढून टाकू. लढाईचं पूर्ण पत्र्याचं चिलखत साधारण १५ ते २५ किलोंचं असे आणि ते सगळ्या अंगभर वाटलेलं असे. ते घालून माणूस पळू शके, स्वतःहून घोड्यावर चढू शके. म्हणून चपळ नाइट करायचा तर चिलखत उतरवायची गरज नाही. कंबर बारीक, पोटऱ्या मोकळ्या, केप आखूड एवढं केलं तरी तो हलका वाटतो. शिरस्त्राणावरच्या शिंगांचं आणि पंखांचं उलट आहे. खऱ्या जगात ती बहुतकरून स्पर्धेतली सजावट, चामड्याची किंवा लाकडाची. रणांगणात शत्रूच्या तलवारीला अडकायला आयती जागा कोण देईल?

हाच प्रश्न स्त्री-नाइटच्या छातीच्या पत्र्यालाही विचारावा. दोन उंचवटे आणि मध्ये दरी असा पत्रा घडवला तर घसरून जाणारं टोक नेमकं बरगड्यांच्या मधोमध येतं. खरा पत्रा मधोमध फुगीर किंवा उभ्या धारेचा असे, म्हणजे वार बाजूला निसटावा. त्या फुगीरपणात कुठलीही छाती मावते. १४२९ मध्ये फ्रान्समधल्या तूर शहरात जोन ऑफ आर्कसाठी १०० लिव्र (तेव्हाचं तिथलं चलन) मोजून संपूर्ण चिलखत बनवलं गेलं, तेव्हा चिलखतातली बाई ही काही गेमवाल्यांची कल्पना नाही. गेमने दोन्ही पर्याय दिले असतील तर मी साधा पत्रा निवडतो, आणि तो दिसतोही जास्त दमदार.

कोपराचं पोलाद वाकतं तेव्हा

स्थिर उभा असताना झकास दिसणारा नाइट धावायला लागला की कधीकधी विनोदी होतो. केप पायातून आरपार जाते, तलवारीचं म्यान मांडीत घुसतं, कोपराचा पत्रा रबरासारखा वळतो. कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅरेक्टरच्या आत एक अदृश्य सांगाडा असतो, आणि कपड्यांचा प्रत्येक बिंदू एक किंवा अधिक हाडांना टक्केवारीने बांधलेला असतो. कोपराजवळचा बिंदू निम्मा दंडाला, निम्मा मनगटाकडच्या हाडाला. हात वाकला की तो दोन्हींच्या मधोमध ओढला जातो. कापड असेल तर हे शोभतं, पोलाद असेल तर चघळलेल्या च्युइंगमसारखं दिसतं. चांगल्या गेममध्ये कडक पत्रे एकाच हाडाला घट्ट बांधतात, मग ते सरकतात पण वाकत नाहीत. आणि म्यानाला मांडी कुठे आहे याची खबरच नसते. प्रत्येक वस्तूची प्रत्येक वस्तूशी टक्कर तपासणं परवडणारं नसतं.

आपण एवढंच करू शकतो की प्रिव्ह्यूमध्ये उभं राहून समाधान मानू नये. पळवा, उडी मारायला लावा, खाली बसवा, तलवार उपसायला लावा, घोड्यावर बसवा. लांब केप आणि पाठीवरची दोन हातांची तलवार यांचं सहसा जमत नाही. रुंद खांदे आणि वर हात करून करायचा वार यांचंही नाही. खांद्याचा पत्रा थेट डोळ्यांत जातो. मोठी दाढी आणि गळ्याचं चिलखत यांची तर सनातन भांडणं.

आता चेहरा

चेहरा करायचाच, पण शेवटी. चेहऱ्याचा आकार बदलायच्या सरकपट्ट्या, म्हणजे स्लायडर, यांच्यामागचं गणित माहीत असलं की वेळ वाचतो. प्रत्येक स्लायडर म्हणजे चेहऱ्याच्या बिंदूंना ठरावीक दिशेने सरकवण्याची सूचना. चार स्लायडर ओढले की चारही सरकवण्यांची बेरीज होते. म्हणून जबडा, गाल, हनुवटी तिन्ही शेवटापर्यंत ओढली की चेहरा रुबाबदार न होता सुजलेला दिसतो. तयार चेहऱ्यांपैकी हव्या त्याच्या जवळचा एक घ्यावा, दोन-तीन स्लायडर ठामपणे हलवावेत, बाकी जवळपास मधोमध ठेवावेत. भुवया, जबड्याची रुंदी, केसांचा आकार आणि रंग, दाढी: २९ पिक्सेलमध्ये एवढंच उरतं. जखमेचा व्रण हवा असेल तर एकच, आणि तो कशाने झाला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

शिरस्त्राणाचा निर्णय याच वेळी घ्या. बहुतेक गेममध्ये ते लपवायची सोय असते. पूर्ण बंद शिरस्त्राण घालणार असाल तर केसांवर वेळ घालवू नका, तसेही कित्येक गेम शिरस्त्राण चढवताच केस गायब करतात किंवा त्यांची चापून बसवलेली टोपी करतात. उघडा चेहरा हवा असेल तर गळा आणि कॉलर साधी ठेवा, म्हणजे डोकं खांद्यांतून वर आलेलं दिसेल.

उंचीबद्दल एक मजेशीर गोष्ट. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की आभासी जगात ज्यांना उंच शरीर दिलं होतं, ते पैशांच्या वाटणीत बुटक्या शरीरवाल्यांपेक्षा जास्त ताणून धरत होते. म्हणजे रूप नुसतं दुसऱ्यांसाठी नसतं, ते आपल्या वागण्यातही उतरतं. त्यामुळे उंचीचा स्लायडर सवयीने शेवटापर्यंत ओढण्याआधी, हा नाइट पुढे घुसणारा आहे की मागे उभं राहून सांभाळणारा, हे एकदा मनाशी ठरवावं.

नंतर काय बदलता येतं

चिलखताच्या ताकदीचे आकडे आणि त्याचं रूप ही दोन एकमेकांत अडकलेली असायची. जास्त बचाव देणारं चिलखत कुरूप निघालं तर ते मुकाट घालावं लागे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०११ च्या अखेरीस एका वस्तूला दुसरीचं रूप चढवायची सोय दिली, आणि आता अशी काही ना काही सोय पुष्कळ मोठ्या गेममध्ये असते. म्हणून आवडलेलं पण कमकुवत चिलखत विकायच्या आधी त्याचं रूप साठवलं गेलंय का ते बघा. काही गेम सजावटीच्या पुढेही दोन हात असतात: गिल्ड वॉर्स २ मध्ये शत्रू खेळाडूंना ठरावीक साच्यातल्या रूपात बघायची सोय आहे, म्हणजे समोरच्याने तुमचं नटणं बघायचंच नाही असं ठरवलं तर त्याला ते दिसत नाही.

डाय, केशरचना, शिरस्त्राण सहसा कधीही बदलता येतात. वंश आणि शरीराची ठेवण बदलायला मात्र अनेकदा पैसे किंवा दुर्मिळ वस्तू लागते, काही ठिकाणी तर बदलताच येत नाही. कन्फर्मचं बटण दाबण्याआधी वेळ द्यायचा तो यांना.

माझ्या आताच्या नाइटची केप हस्तिदंती आहे, अस्तर निळं, चिलखत साधं राखाडी, पाठीवर निळ्या ढालीवरचा पांढरा कावळा. हीलर तोच आहे. परवा त्या जुन्या डंजनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा तो मला शोधत नव्हता, उलट "तू जरा बाजूला हो, तुझ्या केपमुळे मला बॉसचे पाय दिसत नाहीयेत" म्हणाला. (बॉस म्हणजे डंजनमधला मुख्य शत्रू.) केप आता गुडघ्यापर्यंत आखूड केली आहे.